एअरलाइनच्या ट्रेनिंगमध्ये नापास झालात, आता पुढे काय?

वैमानिकाचं सिम्युलेटरमधलं सत्र संपतं, मोशन थांबते, बाहेर पडायचा छोटा पूल खाली येतो. डीब्रीफिंगच्या खोलीत प्रशिक्षक नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलायला लागतो. मग ट्रेनिंग विभागाशी बैठक, एक पत्र, आणि ओळखपत्र परत. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते काही आठवड्यांत हातातून निसटलेलं असतं.

मी बरीच वर्षं सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसतो. हे निरोप मी दिलेले आहेत. ज्यांना दिले त्यांतले काही जण पुढे दुसऱ्या कंपनीत कॅप्टन झालेलेही पाहिले आहेत. परत आलेले आणि न आलेले यांच्यात मला एक फरक ठळकपणे दिसला. परत आलेल्यांना आपण नेमके कुठे चुकलो हे दोन वाक्यांत सांगता येत होतं. पुढचं उड्डाण, पुढचा अर्ज, पुढची मुलाखत हे सगळं त्या दोन वाक्यांवर उभं राहतं, म्हणून या लेखातली सर्वांत जास्त जागाही मी त्यांनाच दिली आहे.

पहिला आठवडा: काय गेलं आणि काय शिल्लक आहे

बहुतेक वेळा नोकरी गेलेली असते, लायसन्स नाही. दोन्ही गोष्टी मनात एकत्र होतात, म्हणून कागद समोर घेऊन त्या वेगळ्या करा. टाइप रेटिंगची (विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याच्या परवानगीची) परीक्षा ही नियामकाच्या नियमांनुसार होते आणि तिचा निकाल वेगळा असतो. कंपनीने ट्रेनिंग थांबवणं हा कंपनीचा निर्णय असतो. युरोपीय नियमांत, म्हणजे ईएएसए या विमान सुरक्षा संस्थेच्या चौकटीत, मल्टी-पायलट विमानाच्या परीक्षेत पाचपेक्षा जास्त बाबींत नापास झालात तर पूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पाच किंवा कमी असतील तर फक्त त्याच बाबी. म्हणजे एका परीक्षेतलं अपयश तिथेच संपू शकतं. आणि तुम्ही रेटिंग मिळवून नंतर लाइन ट्रेनिंगमध्ये (खऱ्या उड्डाणांवरच्या प्रशिक्षणात) अडकला असाल, तर ते रेटिंग लायसन्सवर आहेच, त्याची मुदत संपेपर्यंत.

राजीनामा देण्याची संधी दिली जात असेल तर सही करण्याआधी एक रात्र मागून घ्या. राजीनाम्याने नोकरी संपल्याच्या नोंदीतले शब्द बदलतात. ट्रेनिंगच्या नोंदी बदलत नाहीत. राजीनामा दिला म्हणजे काही घडलंच नाही, असा समज करून घेऊ नका. ट्रेनिंगचा बाँड (लवकर सोडलं तर खर्च परत देण्याचा करार) असेल तर नापास झाल्यावर तो लागू होतो का, हे त्यातल्या शब्दांत वाचा आणि समजलं नाही तर वकिलाला दाखवा.

मग ट्रेनिंग फाइल लेखी मागा. प्रत्येक सत्राचे गुण, प्रशिक्षकांचे शेरे, जादा सत्रांचे कागद, परीक्षेचे फॉर्म, शेवटचं पत्र, सगळं. युरोपात स्वतःची वैयक्तिक माहिती मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. अमेरिकेत एफएए या विमान वाहतूक नियामकाच्या पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये आपली नोंद वैमानिकाला स्वतः पाहता येते आणि चूक असेल तर दुरुस्ती मागता येते. कंपनीची मॅन्युअल्स मात्र घरी उतरवून आणू नका. ती तुमची नाहीत, आणि या क्षणी नवा वाद अंगावर घेण्यात काही अर्थ नाही.

फाइल हातात यायला वेळ लागेल. तोवर स्वतःच्या आठवणीतून प्रत्येक सत्र लिहून काढा: कोणता व्यायाम, कोण प्रशिक्षक, कुठे मागे पडलात, डीब्रीफिंगमध्ये काय ऐकलं. हे दोन-तीन दिवसांत करा. महिन्याभराने आठवण स्वतःला सोयीची होत जाते. हे मी माझ्या स्वतःच्या परीक्षांबाबतही अनुभवलं आहे.

शेवटचं म्हणजे तारखा. मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र) कधी संपतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) कधी संपतं, प्रवासी घेऊन उडण्यासाठी लागणारी गेल्या 90 दिवसांतली तीन टेकऑफ-लँडिंग कधीपर्यंत धरली जातील, हे एका कागदावर लिहा. खचलेल्या मनाने सहा महिने निघून जातात, रेटिंग संपतं, आणि एका अडचणीच्या दोन होतात. सगळं चालू ठेवणं परवडणारं नसेल तर निदान मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग सोडू नका.

मनाचं

झोप उडणं, तेच सत्र डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, मित्रांचे फोन टाळणं हे काही आठवडे होईल. त्याला लाजू नका. पण ते लांबलं तर मदत घ्या. मेडिकल जाईल या भीतीने वैमानिक डॉक्टरकडे जात नाहीत, आणि गप्प राहिलेला त्रास मेडिकलला उपचारापेक्षा जास्त महागात पडतो. उपचार घेतलात तर एव्हिएशन मेडिकलच्या डॉक्टरला खरं सांगा. युरोपात 2021 पासून विमान कंपन्यांना वैमानिकांसाठी आधार कार्यक्रम ठेवणं बंधनकारक आहे. अनेक वैमानिक संघटनाही सहकाऱ्यांकडून गोपनीय आधार मिळवून देतात. नोकरी गेल्यावरही ते दार उघडं आहे का, हे विचारून पाहा.

आणि या काळात कुठल्याही नव्या टाइप रेटिंगचे पैसे भरू नका. ‘पुन्हा लगेच सिद्ध करून दाखवतो’ या आवेगात घेतलेले कोर्स मी पाहिले आहेत. कारण सापडलेलं नसतं, त्यामुळे तीच चूक नव्या विमानात पुन्हा होते, आणि आता फाइलमध्ये दोन अपयशं असतात.

‘नापास’ हे कारण नव्हे

फॉर्मवर लिहिलेलं असतं: ‘एका इंजिनावर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं), असमाधानकारक’. हा निकाल झाला. कारण शोधायला त्या क्षणापासून मागे मागे जावं लागतं.

एक नेहमी दिसणारा प्रसंग घेऊ. एक इंजिन बंद, धावपट्टीकडे उतरण सुरू. खाली ढग, धावपट्टी दिसत नाही, गो-अराउंड. वैमानिक इंजिनाचा जोर वाढवतो, नाक वर घेतो, दिशा धरणारा रडर थोडा उशिरा देतो, विमान दिशा सोडतं. दिशा सावरताना चाकं वर घ्यायला सांगायचं राहतं. मग थांबायची उंची ओलांडून विमान वर जातं. परीक्षक पेन खाली ठेवतो. आता हा वैमानिक घरी जाऊन काय ठरवतो? ‘माझा रडर कच्चा आहे.’ आणि तीन महिने रडरवर घालवतो.

पण आणखी मागे गेलो तर दिसतं की मिस्ड अप्रोचची (गो-अराउंडनंतर थांबायची) उंची निवडलेलीच नव्हती. का नव्हती? त्याच वेळी चेकलिस्ट चालू होती. तेव्हा का चालू होती? कंट्रोलरने धावपट्टी बदलून दिली होती आणि नवं ब्रीफिंग धावतपळत उरकलं होतं. धावतपळत का? ‘आम्हाला होल्डिंगमध्ये (हवेत घिरट्या घालत थांबायला) पाच मिनिटं द्या’ असं म्हणणं त्याला कमीपणाचं वाटलं. पहिली चूक गो-अराउंडच्या कितीतरी मिनिटं आधीची होती, आणि ती हाताची नव्हती. कामाचा भार कसा वाटायचा आणि वेळ कसा मागायचा, ही ती चूक. रडरचा सराव करून आलेला हा माणूस पुढच्या कंपनीत, वेगळ्या व्यायामात, पुन्हा तिथेच अडकेल.

म्हणून प्रत्येक फसलेल्या बाबीसाठी हाच प्रश्न धरा: मी विमानाच्या मागे पडलो तो पहिला क्षण कोणता?

मग फाइल घ्या आणि शेरे क्षमतांनुसार वेगळे करा. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेची क्षमतांची यादी आज जगभर ट्रेनिंग विभाग वापरतात: कार्यपद्धती पाळणं, संवाद, ऑटोमेशनवर विमान चालवणं, हाताने विमान चालवणं, नेतृत्व आणि संघकार्य, प्रश्न सोडवणं आणि निर्णय, परिस्थितीचं भान, कामाच्या भाराचं नियोजन. तुमच्या कंपनीचे गुण बहुधा याच किंवा अशाच रकान्यांत दिलेले असतील. एका सत्रातला एक वाईट शेरा विसरून चालेल. दोन वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी वेगवेगळ्या आठवड्यांत तीच गोष्ट लिहिली असेल तर ती खरी धरा, मनाला कितीही लागली तरी.

अन्याय झाला असेल तर तोही लिहा. सत्रांत मोठे खंड पडले, जोडीदार मध्येच बदलला, दर वेळी नवा प्रशिक्षक आला, हे खरंच घडतं आणि त्याचा परिणाम होतो. फक्त तो वेगळ्या रकान्यात लिहा. तुमच्या हातात काय होतं, ही यादी त्याहून लांब असायला हवी; नसेल तर फाइल पुन्हा वाचा.

माझ्या पाहण्यातली नेहमीची कारणं अशी आहेत.

वेग. सिंगल-इंजिन विमानावरून आलेल्याला जेटमध्ये सगळं दुप्पट वेगाने अंगावर येतं. 140 नॉट (ताशी 140 नॉटिकल मैल) ग्राउंड स्पीडला तीन अंशाच्या मार्गावर मिनिटाला साधारण 700 फूट उतरावं लागतं. 30,000 फुटांवरून उतरायला सुमारे 90 नॉटिकल मैल आधी सुरुवात करावी लागते. हे आकडे पाठ असणं पुरेसं नाही. बोलता बोलता ते मनात चालू राहिले पाहिजेत.

दुसरं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दिसणारं: एसओपी, म्हणजे कंपनीची ठरलेली कार्यपद्धती, अर्धवट पाठ असणं. पुढचा कॉलआउट (मोठ्याने म्हणायचं ठरलेलं वाक्य) काय, हे आठवण्यातच डोकं गुंतलं की उडवायला जागा उरत नाही. अशा माणसाला प्रशिक्षक ‘परिस्थितीचं भान कमी’ असं लिहितो, पण मूळ दुखणं अभ्यासाचं असतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि एअरलाइन यांत मोठा खंड पडलेल्यांचं स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवणं, मंदावतं. ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (विमान कुठे न्यायचं हे पडद्यावर दाखवणारी खूण) बंद करून उडायला सांगितलं की ते लगेच उघडं पडतं. काही जण समजलं नाही तरी मान डोलावतात, आणि तिसऱ्या सत्रात ते न समजलेलं सगळं एकदम वर येतं. काहींच्या घरी आजारपण किंवा मृत्यू असतो, आणि ते कुणालाही न सांगता पहाटे तीनच्या सत्राला येऊन बसतात.

लाइन ट्रेनिंगमध्ये अडकलेल्यांचं बरेचदा लँडिंगवर अडतं. फ्लेअरच्या (चाकं टेकण्याआधी नाक किंचित उचलण्याच्या) वेळी नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळलेली असते. ती धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडे न्यावी लागते. ही दुरुस्त होणारी चूक आहे आणि तिच्यापायी एअरलाइन सोडावी लागणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

शोध संपला की दोन वाक्यं लिहा. पहिल्यात कारण, दुसऱ्यात त्यावर तुम्ही काय करणार आहात. ‘जेट मला जमलं नाही’ हे कारण नव्हे.

दुरुस्ती

फाइल घेऊन एका त्रयस्थ प्रशिक्षकाकडे जा. मित्राकडे नको, तो तुम्हाला धीर देईल, आणि आत्ता तुम्हाला निदान हवं आहे. तुमची दोन वाक्यं त्याला आधी सांगू नका. त्याला सिम्युलेटरमध्ये तुम्हाला पाहू द्या, मग त्याचं मत आणि तुमचं मत जुळतंय का बघा. यासाठी फुल-फ्लाइट सिम्युलेटर लागतोच असं नाही. साध्या, न हलणाऱ्या सिम्युलेटरवरचे काही नेमके तास, आधी लिहिलेल्या उद्देशाने घेतलेले, पुष्कळ काम करतात.

एसओपी हे कारण असेल तर औषध स्वस्त आहे. कॉकपिटचं चित्र भिंतीवर लावा, खुर्ची समोर ठेवा आणि प्रत्येक फ्लो (स्विच हाताळण्याचा ठरलेला क्रम), प्रत्येक कॉलआउट मोठ्याने म्हणा. हात खरोखर स्विचकडे गेला पाहिजे. एका दिवसात सहा तास करण्यापेक्षा रोज अर्धा तास करा, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो हे हेर्मान एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवून दिलं होतं, आणि मधे मधे आठवून पाहिल्याने ते टिकतं. जमायला लागलं की भार वाढवा. घरातल्या कुणाला तरी मध्येच गुणाकार विचारायला सांगा. उत्तर देऊन तुम्ही फ्लोमध्ये नेमक्या जागी परत आलात तर ती गोष्ट तुमची झाली.

भार वाटता न येणं हे कारण असेल तर एकट्याने सराव करून ते सुटणार नाही. दोन वैमानिकांच्या कॉकपिटमध्येच जा. चांगला एमसीसी (दोन वैमानिकांनी मिळून काम करायला शिकवणारा) किंवा ईएएसएचा त्याहून विस्तृत एपीएस एमसीसी कोर्स इथे उपयोगी पडतो. ‘मला दोन मिनिटं द्या’, ‘कंट्रोल तुझ्याकडे, मी हे बघतो’ ही वाक्यं तोंडून सहज निघेपर्यंत सराव करा.

पुढची उडण्याची नोकरी निवडतानाही तीच दोन वाक्यं बघा. स्कॅन किंवा वेग हे कारण असेल तर इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरचं काम माझी पहिली पसंती. शिष्य चुकत असताना तुम्हाला विमान, रेडिओ आणि त्याचं मन तिन्ही सांभाळावं लागतं, आणि जे समजावून सांगता येत नाही ते आपल्यालाच कळलेलं नव्हतं हे रोज लक्षात येतं. टर्बोप्रॉपवर मालवाहू किंवा छोट्या प्रवासी सेवेची संधी मिळाली तर तीही मौल्यवान, कारण तिथे खरी दोन माणसांची कार्यपद्धती असते. हवाई सर्वेक्षणाने तास मिळतात, पण तुमच्या दुखण्यावर इलाज मिळेलच असं नाही. दर वर्षीची परीक्षा स्वच्छ पार करा आणि त्याचे कागद जपा. जुना निकाल खोडता येत नाही. निवड समितीसमोर त्याच्या वर नवे निकाल ठेवता येतात.

सांगायचं की नाही

सांगायचं. यात माझ्या मनात कणभरही शंका नाही.

12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरची फ्लाइट 3407 कोसळली. विमानातले सर्व 49 आणि जमिनीवरचा एक माणूस गेला. तपासात कळलं की कॅप्टनने आधीच्या काही परीक्षांतलं अपयश कंपनीच्या अर्जात लिहिलं नव्हतं. त्यानंतर 2010 मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि त्यातूनच वैमानिकांच्या नोंदींचा तो डेटाबेस आला. 23 फेब्रुवारी 2019 रोजी ॲटलास एअरचं मालवाहू बोइंग 767 विमान टेक्सासमध्ये ट्रिनिटी बेमध्ये कोसळलं, तिघं गेले. तिथेही फर्स्ट ऑफिसरने ट्रेनिंगमधलं अपयश लपवल्याचं तपासात समोर आलं. या दोन्ही अपघातांचं कारण एवढं एकच नव्हतं. पण तुमच्या अर्जावरचा ‘पूर्वी कधी ट्रेनिंग अपूर्ण राहिलं का?’ हा प्रश्न इतका गंभीरपणे का विचारला जातो, हे त्यातून कळतं.

तीन महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळणं हेही लपवणंच. अपयश पाहूनही घेणाऱ्या कंपन्या आहेत. खोटा अर्ज सापडल्यावर ठेवून घेणारी मला माहीत नाही.

अर्जात जेवढं विचारलं तेवढं, तारखेसह, तक्रार न करता लिहा. मुलाखतीत उत्तर मिनिटभराचं हवं. वर सांगितलेल्या वैमानिकाचं उत्तर साधारण असं असेल:

“दोन वर्षांपूर्वी मी टाइप रेटिंगच्या परीक्षेत एका इंजिनावरच्या गो-अराउंडमध्ये नापास झालो. जादा सत्रांनंतरही प्रगती पुरेशी नव्हती, म्हणून कंपनीने ट्रेनिंग थांबवलं. फाइल पुन्हा वाचल्यावर कळलं की दडपण आलं की मी वेळ मागत नव्हतो आणि कामं जोडीदाराला देत नव्हतो. त्यानंतर मी एपीएस एमसीसी केला, इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टर म्हणून काम करतो आहे, आणि दोन्ही वर्षांच्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झालो. फाइल सोबत आणली आहे.”

यात जुन्या कंपनीवर एक शब्द नाही. समितीला फाइल आणि तुमचं बोलणं एकमेकांशी जुळतंय का, एवढंच पाहायचं असतं. उत्तर पाठ करू नका. एखाद्या परक्या माणसासमोर पाच-सहा वेळा सांगून बघा. आवाज जिथे कापतो तिथे अजून काहीतरी स्वतःपासून लपवलेलं असतं.

अर्ज कुठे करायचा? सुरुवात अशा कंपन्यांपासून करा जिथे ट्रेनिंगला घाई नाही आणि जादा सत्रं देण्याची पद्धत लेखी ठरलेली आहे. तिथे काम करणाऱ्या फर्स्ट ऑफिसरांना हेच विचारा: “कुणी मागे पडलं तर काय करतात?”

कॉकपिट सोडायचं ठरलं तर

दुरुस्तीचा प्रामाणिक प्रयत्न करूनही त्रयस्थ प्रशिक्षक तेच सांगत असेल, किंवा सिम्युलेटरच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर दुसरीकडे वळणं हा पूर्ण सन्मानाचा निर्णय आहे. फ्लाइट डिस्पॅच (जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन), ऑपरेशन्स कंट्रोल, क्रू प्लॅनिंग, सुरक्षा विभाग, फ्लाइट डेटाचं विश्लेषण, ड्रोन ऑपरेशन्स, इथे वैमानिकाचं ज्ञान रोज कामी येतं. अमेरिकेत डिस्पॅचरच्या कोर्सला किमान 200 तास लागतात. वैमानिकाला हवामान, नेव्हिगेशन, नियम आधीच माहीत असतात. एअर ट्रॅफिक कंट्रोलबद्दल एक सावधगिरी: तेही तितकंच कठीण प्रशिक्षण आहे, आणि भार वाटण्याची अडचण तिथे जास्त टोकदार होते. केवळ विमानांजवळ राहायचं म्हणून तिकडे जाऊ नका.

दुसऱ्यांदा टाइप रेटिंगला बसताना

कोर्स सुरू व्हायच्या आधी फ्लो आणि मेमरी आयटम (आणीबाणीत न वाचता करायच्या कृती) तोंडपाठ हवेत, विचारताक्षणी. जोडीदार कोण हे कळताच त्याला भेटा आणि पहिल्या सत्राआधी किमान चार वेळा एकत्र खुर्चीवर बसून सराव करा. झोपेचं वेळापत्रक सत्रांच्या वेळेनुसार आठवडाभर आधीपासून हलवा.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला स्वतःहून सांगा: “मी आधी इथे अडलो होतो. दडपणात मी वेळ मागत नाही. तसं दिसलं तर लगेच सांगा.” मागच्या खुर्चीवरून मी हे ऐकलं आहे. असं सांगणाऱ्या माणसासाठी मी पहिल्याच सत्रात मुद्दाम धावपट्टी बदलतो, आणि तो होल्डिंग मागतो का ते बघतो.